ब्राउझरमधले मेमरी बग संपत का नाहीत, आणि आपण त्यांचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे की ब्राउझरचं अपडेट आलं की त्याच्या नोंदीत दर वेळी तेच शब्द दिसतात, यूज आफ्टर फ्री, टाइप कन्फ्युजन, हीप बफर ओव्हरफ्लो, तर हे नेमकं काय असतं, एवढ्या मोठ्या कंपन्या इतकी वर्षं दुरुस्त करतायत तरी संपत का नाही, सगळं रस्ट नावाच्या नव्या, मेमरी सांभाळणाऱ्या भाषेत लिहून एकदाचे मोकळे का होत नाहीत, आणि आपल्यासारख्यांनी काय करायचं. मी बरीच वर्षं ब्राउझरचं इंजिन पोटात घेऊन चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलंय, क्रॅश रिपोर्ट वाचणं हा रोजचाच धंदा होता, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी हे बघा की ब्राउझर करतो काय. तुमच्या कॉम्प्युटरवर बाकी जे प्रोग्रॅम आहेत ते तुम्ही निवडून टाकलेत. ब्राउझर मात्र दिवसभर कोणा अनोळखी माणसाने लिहिलेला कोड, त्याने बनवलेले फोटो, फाँट, व्हिडिओ आणून तुमच्या मशीनवर चालवतो, न विचारता. आणि हे सगळं वाचणारा, उलगडणारा, चालवणारा कोड लाखो ओळींचा आहे आणि मुख्यतः सी++ मधे आहे. सी++ मधे मेमरी मागायची तुम्ही, परत करायची तुम्ही, आणि परत केल्यावर पुन्हा तिकडे ढुंकून बघायचं नाही हे लक्षात ठेवायचं तेही तुम्हीच. एका माणसाने लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधे हे जमतं. पण एक टॅब, त्यातली फ्रेम, फ्रेमला चिकटलेले टायमर, नेटवर्कच्या अर्धवट रिक्वेस्टी, आणि युजरने मधेच टॅब बंद केला तर यातलं कोण आधी मरणार कोण नंतर, हा हिशोब डोक्यात ठेवणं कोणाच्याच बापाला शक्य नाही. मेमरीचे बहुतेक बग हे असे हिशोबाचे बग असतात: ही जागा कोणाची, किती मोठी, आणि कधीपर्यंत.

यूज आफ्टर फ्री म्हणजे यातला 'कधीपर्यंत' चुकला. एका ऑब्जेक्टचा पत्ता दोन ठिकाणी लिहून ठेवलाय, एकाने ते ऑब्जेक्ट संपवलं आणि जागा परत केली, दुसऱ्याला कळलंच नाही, तो जुन्या पत्त्यावर जाऊन काम करतोय. नुसतं एवढंच असतं तर फार तर क्रॅश झाला असता. गोची अशी की मेमरी वाटणारा अॅलोकेटर मोकळी झालेली जागा त्याच मापाची मागणी पुढे आली की लगेच देऊन टाकतो, वेगासाठी तसंच बनवलंय. आणि पानावरची जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत आलेला प्रोग्रॅम, हव्या त्या मापाची मागणी हजारो वेळा करू शकते. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. जुना पत्ता धरून बसलेला कोड समजतो की आत आपलंच ऑब्जेक्ट आहे, आत असतात हल्लेखोराने मांडून ठेवलेले बाइट. सी++ ऑब्जेक्टच्या सुरुवातीलाच साधारणपणे 'माझी फंक्शनं कुठे आहेत' याचा पत्ता असतो, तो बदलला की पुढचं फंक्शन कॉल कुठे जाणार ते हल्लेखोर ठरवतो.

एक खरी केस घ्या, मला ही शिकवायला फार आवडते कारण त्यातला कोड वाचताना काहीच चुकीचं वाटत नाही. २०१९ च्या मार्चमधे क्रोमने घाईघाईने एक पॅच काढला, बगाचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१९-५७८६, गूगलच्याच थ्रेट अॅनालिसिस ग्रुपमधल्या क्लेमेंट लेसीन यांना तो प्रत्यक्ष हल्ल्यात वापरला जाताना सापडला होता. जागा कुठली तर फाइलरीडर, म्हणजे पानाला फाइल वाचू देणारं अगदी साधं एपीआय. फाइल वाचून होत असताना मधेच 'आत्तापर्यंत किती वाचलंस ते दाखव' असं विचारता येतं. अर्धीच फाइल वाचून झाली असेल तर कोड वाचलेल्या भागाची कॉपी करून द्यायचा, ते ठीक. पण सगळे बाइट येऊन पडलेत आणि 'वाचन संपलं' हा झेंडा अजून वर झालेला नाही, अशी एक बारीकशी फट होती. त्या फटीत विचारलं की कॉपी न करता तोच मूळ बफर, म्हणजे बाइट ठेवलेली जागा, हातात मिळायचा, आणि दोनदा विचारलं की दोन वेगळी दिसणारी जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट मिळायची, आत मेमरी एकच. मग त्यातलं एक वर्करला, म्हणजे पानामागे वेगळ्या चालणाऱ्या जावास्क्रिप्टला, ट्रान्सफर करायचं, ट्रान्सफर म्हणजे मालकी तिकडे गेली, तिकडे ती मेमरी मोकळी करायची, आणि इकडे दुसरं ऑब्जेक्ट अजून मजेत त्याच जागेवर वाचतंय लिहितंय. दुरुस्ती काय होती माहितीये? वाचन पूर्ण संपलेलं नसेल तर नेहमी कॉपी द्या. बस. बदल इवलासा, पण ही फट तपासणाऱ्याच्या डोळ्याला दिसणं महाकठीण.

'किती मोठी' हे चुकलं की होतो ओव्हरफ्लो. याचं गाजलेलं उदाहरण २०२३ च्या सप्टेंबरमधलं, वेबपी फोटो उलगडणारी लायब्ररी लिबवेबपी, सीव्हीई-२०२३-४८६३. टोरोंटो विद्यापीठातली सिटिझन लॅब आणि अॅपलची सिक्युरिटी टीम यांनी तो कळवला. वेबपी फोटोच्या लॉसलेस प्रकारात हफमन कोडची, म्हणजे डेटा आवळून लिहायच्या एका पद्धतीची, टेबलं असतात, ती उलगडायला किती जागा लागेल याचा कमाल आकडा आधीच गणित करून कोडमधे घातलेला होता. गणित बरोबर होतं हो, पण ते 'कोड नियमाप्रमाणे बनलेला आहे' असं धरून केलेलं होतं. फोटोच हल्लेखोराने बनवला तर नियम कोण पाळतोय. आधीची टेबलं बरोबर कमाल मापाला नेऊन ठेवायची आणि शेवटच्या टेबलात गडबड करायची, की लिहिणं हद्दीबाहेर गेलंच. दुरुस्तीत काय केलं तर आधी जागा मोजायची, मगच भरायची.

या लायब्ररीचं फझिंग, म्हणजे आपोआप बिघडवलेल्या फाइली देऊन तपासणं, वर्षानुवर्षं चालू होतं, तरी ते तिथे पोचलं नाही, कारण इतक्या अटी एकत्र जुळणं रँडम बदलांनी जवळजवळ अशक्य. 'आम्ही फझिंग करतो' हे वाक्य ऐकलं की मला लिबवेबपी आठवतं. फझिंग करायचंच, त्याबद्दल वाद नाही, पण त्याच्या भरवशावर झोपायचं नाही.

टाइप कन्फ्युजन म्हणजे जागा बरोबर, वेळही बरोबर, पण आत काय आहे याबद्दल गैरसमज. कोडला वाटतं तिथे आकडा आहे, प्रत्यक्षात पत्ता आहे, किंवा उलट. अनइनिशियलाइज्ड मेमरी म्हणजे मागच्या भाडेकरूचा कचरा साफ न करताच वापर सुरू, त्यातून बहुतेक वेळा माहिती गळते, आणि तीही हल्लेखोराला लागतेच, कारण आजकाल एएसएलआरमुळे मेमरीतल्या जागा दर वेळी हलवलेल्या असतात आणि नेमकं कुठे काय आहे हे कळल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

आता एवढुशा चुकीतून अख्खा कॉम्प्युटर कसा जातो हे बरेच जण विचारतात. समजा ओव्हरफ्लोने तुम्हाला फक्त चारच बाइट हद्दीबाहेर लिहिता येतात. शेजारी जावास्क्रिप्टचा एक अॅरे येईल अशी मेमरीची मांडणी आधी करून घ्यायची, हजारो ऑब्जेक्ट बनवून, अधली मधली मोडून, आणि त्या चार बाइटांनी अॅरेची लांबी बदलायची. दहा घरांचा अॅरे आता म्हणतोय मी चार अब्ज घरांचा. यापुढे ओव्हरफ्लो विसरा, साध्या जावास्क्रिप्टने त्या अॅरेतून पलीकडची मेमरी वाचता लिहिता येते, पुढे एखाद्या ऑब्जेक्टचा पत्ता काढणं, खोटं ऑब्जेक्ट उभं करणं ही ठरलेली पायरी आहे, लोकांकडे त्याचे तयार साचे असतात. बग शोधणं हे खरं कष्टाचं काम, नंतरचं पुष्कळसं हातवळणीचं आहे. म्हणून 'फक्त चार बाइट, काय होतंय' असं म्हणणाऱ्या डेव्हलपरशी मी फार भांडलोय.

आकडे एकदाच सांगतो. २०२० मधे क्रोमियमच्या, म्हणजे क्रोमचा खुला मूळ कोड सांभाळणाऱ्या, लोकांनी २०१५ पासूनचे ९१२ गंभीर सिक्युरिटी बग चाळले, साधारण ७० टक्के मेमरीचे निघाले आणि त्यातले जवळपास निम्मे यूज आफ्टर फ्री. त्याच्या आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या सगळ्या प्रॉडक्टबद्दल सांगितलेला आकडाही ७० च्याच आसपास होता. दोन वेगळ्या कंपन्या, वेगळा कोड, वेगळे लोक, आणि आकडा तोच, म्हणजे 'आमच्या टीममधे चांगले प्रोग्रॅमर आहेत' या युक्तिवादात काही राम नाही.

मग रस्ट. रस्टमधे मालकी आणि मुदत हा हिशोब कंपायलर करतो, चुकलात तर प्रोग्रॅम बनतच नाही. रस्ट फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्याच अंगणात वाढली आणि ब्राउझरमधे तिचा वापर सगळ्यात आधी फायरफॉक्समधे झाला, २०१६ मधे एमपी४ वाचणारा तुकडा, मग २०१७ च्या नोव्हेंबरमधे फायरफॉक्स ५७ मधे सीएसएसचं, म्हणजे पानाची रंगरचना ठरवणारं, अख्खं इंजिन, स्टायलो. क्रोमने २०२३ मधे रस्ट आत घ्यायला सुरुवात केली, फाँट आणि पीएनजी वाचणारा कोड आता रस्टमधे जातोय, आणि बरोबर तिथूनच सुरुवात करायला हवी, कारण बाहेरून आलेली फाइल उलगडणं हेच सगळ्यात घाणेरडं काम. 'सगळं पुन्हा लिहा' हे मात्र उंटावरून शेळ्या हाकणं झालं. लाखो ओळी पुन्हा लिहायला दशक जाईल, त्यात नवे लॉजिकचे बग येतील ते वेगळेच. आणि गंमत म्हणजे सगळं पुन्हा लिहायची गरजही नाही. अँड्रॉइडचा अनुभव बघा, त्यांनी जुना कोड बहुतेक तसाच ठेवला आणि नवा कोड रस्ट आणि इतर सुरक्षित भाषांमधे लिहायचं ठरवलं. एकूण सिक्युरिटी बगांमधे मेमरीच्या बगांचा वाटा २०१९ मधे ७६ टक्के होता तो २०२४ मधे २४ वर आला. कारण असं की मेमरीचे बग नव्या कोडमधे जास्त असतात, जुना कोड वर्षानुवर्षं ठोकून ठोकून तुलनेने घट्ट झालेला असतो. नळ बंद केला की बादली हळूहळू कोरडी होते.

पण एक जागा अशी आहे जिथे रस्ट फार कामाला येत नाही, आणि हे ऐकून रस्टवाले चिडतात. ती म्हणजे जावास्क्रिप्टचा जिट कंपायलर. जिट काय करतो, एखादं फंक्शन पुन्हा पुन्हा चाललं की त्याचा मशीन कोड बनवतो आणि 'हे कधीच होणार नाही' असं स्वतःला पटलं की ती तपासणी काढून टाकतो. २०१८ मधली एक नामी केस आहे. व्ही८ च्या, म्हणजे क्रोमच्या जावास्क्रिप्ट इंजिनच्या, ऑप्टिमायझरमधे 'मॅथ.एक्स्पीएम१' या फंक्शनबद्दल लिहिलेलं होतं की हे साधा आकडा देईल किंवा नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही' अशी खूण, देईल. ते उणे शून्य पण देतं हे लिहायचं राहिलं. एवढंच. आता जावास्क्रिप्टमधे 'हे उणे शून्य आहे का' असं विचारता येतं, ऑप्टिमायझर म्हणतो नाहीच, उत्तर कायम खोटं, म्हणजे शून्य. त्या शून्याला कशानेही गुणलं तरी शून्य, म्हणजे अॅरेचा इंडेक्स कायम शून्य, म्हणजे हद्द तपासायची गरज नाही, काढा ती तपासणी. प्रत्यक्ष चालताना उत्तर खरं येतं, एक गुणिले हल्लेखोराला हवं ते, आणि गेला अॅरेच्या बाहेर. कुंपणच शेत खातंय. यात ऑप्टिमायझरच्या स्वतःच्या मेमरीचा एकही बाइट बिघडलेला नाही, तो कोणत्याही सुरक्षित भाषेत लिहिला असता तरी हाच चुकीचा मशीन कोड त्याने बनवला असता. नंतर व्ही८ ने हद्दीच्या तपासण्या अशा सरसकट उडवणं बंद केलं, पण त्याच जातीच्या चुका दुसऱ्या वाटांनी येतच राहतात.

तर बग येणार हे धरून चालायचं, आणि आला तरी त्याचं पुढे काही होऊ नये अशी व्यवस्था करायची. माझ्या मते ब्राउझर सिक्युरिटीचं खरं काम हेच आहे.

सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात कामाची भिंत म्हणजे सँडबॉक्स. क्रोम २००८ मधे आला तोच मुळी तुकडे करून आला, पान दाखवणारा रेंडरर वेगळ्या प्रोसेसमधे, त्याला फाइलींना हात लावायची परवानगी नाही, काही हवं असेल तर मुख्य ब्राउझर प्रोसेसकडे चिठ्ठी पाठवायची. म्हणून आज एक बग पुरत नाही, साखळी लागते, रेंडररमधे शिरायला एक आणि भिंतीबाहेर पडायला दुसरा. वरच्या फाइलरीडरच्या केसमधेही विंडोज ७ च्या कर्नलमधला दुसरा बग जोडीला होता. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर हा प्रोसेसरमधलाच दोष उघड झाला आणि कळलं की एकाच प्रोसेसमधे दोन साइट बसल्या तर एक दुसरीचं वाचू शकते, त्याच वर्षी क्रोम ६७ मधे डेस्कटॉपवर साइट आयसोलेशन सगळ्यांना चालू झालं, प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस. फायरफॉक्सचं फिशन म्हणजे तेच, ते मागाहून आलं. क्रोम खूप रॅम खातो म्हणून जे विनोद होतात ना, त्या रॅमचा बराच हिस्सा या भिंतींचा आहे.

क्रोमियममधे एक नियम आहे, रूल ऑफ टू, मला तो फार व्यवहारी वाटतो. तीन गोष्टी आहेत: बाहेरून आलेला अविश्वासू डेटा, असुरक्षित भाषा, आणि सँडबॉक्सशिवायची प्रोसेस. यातल्या कुठल्याही दोन घ्या, तिन्ही एकत्र कधीच नाही. म्हणजे बाहेरचा फोटो सी++ ने उलगडायचाय तर सँडबॉक्समधे उलगडा. मुख्य प्रोसेसमधेच उलगडायचाय तर सुरक्षित भाषेत लिहा. तुमचं सॉफ्टवेअर ब्राउझर नसलं तरी हा नियम जसाच्या तसा उचला, डिझाइनच्या मीटिंगमधे निम्मे वाद जागच्या जागी मिटतात.

यूज आफ्टर फ्रीवर क्रोमने जो उपाय काढला तो मिरॅकलपॉइंटर. नाव जरा जास्तच झालंय पण काम बघा. साध्या पॉइंटरच्या, म्हणजे ऑब्जेक्टचा पत्ता धरून ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या, जागी एक वेष्टन घातलेला पॉइंटर वापरायचा, तो त्या जागेकडे कितीजण बोट दाखवतायत हे मोजतो. कोणी फ्री केलं आणि मोजणी शून्य नसेल तर जागा दुसऱ्याला द्यायची नाही, आत निरर्थक बाइट भरून बाजूला क्वारंटाइन करून ठेवायची. बग आहे तिथेच आहे, फक्त नागोबाला बिळात शिरता येत नाही, फार तर क्रॅश होतो. २०२२ मधे क्रोम १०२ पासून विंडोज आणि अँड्रॉइडवर मुख्य प्रोसेसमधे तो चालू झाला. पुढे गूगलने सांगितलं की जास्त अधिकार असलेल्या प्रोसेसमधले ५७ टक्के यूज आफ्टर फ्री त्याने निकामी केले, आणि २०२४ मधे तो भेदून दाखवणाऱ्याचं बक्षीस २,५०,१२८ डॉलर केलं. फुकट नाही मिळत हे, मोजणी ठेवायला मेमरी आणि वेळ दोन्ही जातं. क्रोमचं पान मांडणाऱ्या ब्लिंक इंजिनच्या आत वेगळीच युक्ती आहे, ऑइलपॅन नावाचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे सी++ ऑब्जेक्ट कधी मरायचं हे माणसाने ठरवायचंच नाही.

जिटच्या चुकांसाठी व्ही८ सँडबॉक्स. यात असं गृहीत धरलंय की व्ही८ च्या हीपमधली, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवायच्या जागेतली, मेमरी हल्लेखोराने हवी तशी बदलली आहेच, आता पुढे बोला. हीपमधे खरे पत्ते ठेवायचेच नाहीत, एका राखीव एक टेराबाइटच्या पत्त्यांच्या पट्ट्यातलं अंतर ठेवायचं, आणि बाहेरच्या वस्तूंसाठी टेबलातला नंबर. कितीही गोंधळ घाला, पट्ट्याबाहेर पाय ठेवता येत नाही. खर्च साधारण एक टक्क्याच्या आसपास. २०२४ मधे क्रोम १२३ पासून त्याच्यावरचा प्रायोगिक हा शिक्का गेला. अजून त्याला भोकं सापडतात, पण दिशा मला पूर्ण पटलेली आहे.

फायरफॉक्सचं आरएलबॉक्स मला वैयक्तिकरीत्या सगळ्यात देखणं वाटतं. जुनी सी किंवा सी++ मधली लायब्ररी घ्यायची, तिचं वेबअसेम्ब्ली, म्हणजे ब्राउझरसाठीच्या बंदिस्त स्वरूपाचा कोड, बनवायचं, आणि त्या वेबअसेम्ब्लीचा पुन्हा नेटिव्ह कोड. या सव्यापसव्यात तिच्या प्रत्येक मेमरी वापराला हद्द लागते, वेगळी प्रोसेस न करता ती लायब्ररी आपल्या चौकोनात कोंडली जाते. फायरफॉक्स ९५ मधे ग्राफाइट (फाँट), हनस्पेल (स्पेलिंग), ऑग (ऑडिओ-व्हिडिओ) या लायब्ररींना असं कोंडलं. लहान टीमने मोठं काम कसं करावं त्याचा नमुना आहे.

हार्डवेअरमधे आर्म या प्रोसेसर डिझाइनचं मेमरी टॅगिंग आलंय, दर १६ बाइटांना ४ बिटांचा टॅग आणि पॉइंटरलाही तोच टॅग, जुळले नाहीत की प्रोग्रॅम बंद. टॅग फक्त सोळाच, त्यामुळे अंदाजाने मारलेला दगड सोळात एकदा लागू शकतो, पण हल्लेखोराला पंधरा वेळा क्रॅश परवडत नाही, कोणीतरी बघतं. गूगलच्या पिक्सेल ८ मधे ते पहिल्यांदा फोनवर आलं, आणि अॅपलने २०२५ च्या आयफोनमधे मेमरी इंटेग्रिटी एन्फोर्समेंट नावाने त्याचं कडक रूप आणलं. पुढच्या पाचेक वर्षांत सगळ्यात मोठा फरक यानेच पडेल असा माझा अंदाज आहे.

आता जे लोक स्वतः सी++ लिहितात त्यांच्यासाठी एक क्रॅश जवळून दाखवतो, मी स्वतः चार दिवस घालवलेत त्यात. एका ठिकाणी काम करत असताना अॅड्रेससॅनिटायझर (चालताना मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावलेल्या बिल्डमधे रिपोर्ट आला. असा रिपोर्ट तीन भागांत वाचायचा: चुकीचा वापर कुठे झाला, ती मेमरी फ्री कुठे झाली, आणि मुळात घेतली कुठे होती. नवीन माणूस पहिल्या भागात अडकून पडतो, उत्तर मात्र नेहमी दुसऱ्यात असतं. आमच्यात एक क्लास स्वतःच्या फंक्शनमधून 'सेव्ह करायचं का' असा डायलॉग उघडत होता. डायलॉग उघडा असताना मेसेज लूप चालू राहते, आणि तेवढ्यात युजरने मागची विंडो बंद केली की तो क्लासच मरतो, डायलॉगने उत्तर दिलं की कोड परत येतो मेलेल्या ऑब्जेक्टच्या फंक्शनमधे आणि पुढची ओळ मेंबर व्हेरिएबलला हात लावते. पहिला फिक्स एकाने काय केला तर नल चेक. अहो, फ्री झालेला पॉइंटर नल होत नाही, तो जुनाच पत्ता दाखवत राहतो, चेक आरामात पास होतो! शेवटी डायलॉग असिंक्रोनस केला आणि कॉलबॅकला वीक पॉइंटर दिला, ऑब्जेक्ट गेलं असेल तर कॉलबॅक आपोआप रद्द. तेव्हापासून कोड रिव्ह्यूमधे 'अनरिटेन्ड', म्हणजे 'जिवंत ठेवायची जबाबदारी माझी नाही' असा साधा पॉइंटर, हा शब्द कॉलबॅकमधे दिसला की मी थांबून विचारतो, हे ऑब्जेक्ट कॉलबॅकपेक्षा जास्त जगेल याची हमी कोण देतंय, नाव सांग. 'जगतं बहुतेक' हे उत्तर आलं की बदलायला लावायचं. बाकी सॅनिटायझर लावून टेस्ट रोज चालवा, प्रोग्रॅम साधारण दुप्पट हळू चालतो, चालू द्या. सी++ च्या स्टँडर्ड लायब्ररीचं हार्डनिंग, म्हणजे जास्तीच्या तपासण्या, चालू करा म्हणजे व्हेक्टरच्या हद्दीबाहेर गेलं की तिथेच थांबेल. आणि नवा पार्सर, म्हणजे बाहेरची फाइल उलगडणारा कोड, सी++ मधे लिहायला कोणी काढला तर आधी त्याला दारावरच अडवा.

ज्यांचं सॉफ्टवेअर इलेक्ट्रॉनवर किंवा तत्सम एम्बेडेड, म्हणजे अॅपच्या पोटात बसवलेल्या, क्रोमियमवर आहे त्यांची अवस्था सगळ्यात वाईट असते, आणि हे मी भोगलंय. लिबवेबपीच्या वेळी क्रोमने आणि फायरफॉक्सने एकदोन दिवसांच्या अंतराने पॅच दिले. आमच्या प्रॉडक्टमधे ती लायब्ररी किती ठिकाणी आहे हे शोधण्यातच आठवडे गेले, एक एम्बेडेड इंजिनमधे, एक इमेज लायब्ररीच्या पोटात स्टॅटिक लिंक केलेली, एक कोणीतरी कधीकाळी सोर्ससकट कॉपी करून ठेवलेली. तोपर्यंत पॅच जगजाहीर, म्हणजे भोक कुठे आहे ते पॅच वाचून कोणालाही कळतंय, आणि आमचं वरातीमागून घोडं. तुमच्या बिल्डमधे कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती आहे याची यादी आपोआप बनली पाहिजे, आणि इंजिन बदलून नवा रिलीज किती दिवसांत निघतो हे संकट नसताना एकदा करून बघा.

साध्या युजरसाठी सांगायचं तर अपडेट. दुरुस्तीचा कोड उघड्यावर येणं आणि ती तुमच्यापर्यंत पोचणं यातलं अंतर क्रोममधे एके काळी सरासरी ३५ दिवस होतं, ते कमी करत करत २०२३ पासून सिक्युरिटी अपडेट दर आठवड्याला येतात. पण अपडेट नुसतं डाउनलोड होऊन उपयोग नाही, ब्राउझर बंद करून उघडेपर्यंत जुनाच कोड चालतोय. तीन तीन आठवडे लॅपटॉप नुसता झाकून ठेवणारे लोक मी बघितलेत, कोपऱ्यातलं अपडेटचं चिन्ह लाल झालेलं, आणि वर अँटीव्हायरस मात्र महागातला. या जातीच्या हल्ल्यात सगळा खेळ ब्राउझरच्याच मेमरीत होतो, निदान सुरुवातीला तरी डिस्कवर एकही फाइल पडत नाही, त्यामुळे अँटीव्हायरसकडून फार आशा ठेवू नका.

ज्यांना खरंच कोणी ठरवून लक्ष्य करेल, पत्रकार, वकील, कार्यकर्ते, त्यांनी जिट बंद करण्याचा विचार करावा. मायक्रोसॉफ्टच्या एजमधे वाढीव सुरक्षेचा मोड आहे, आयफोनमधे आयओएस १६ पासून लॉकडाउन मोड आहे, दोन्हीत जिट बंद होतो, लॉकडाउनमधे तर तुम्ही स्वतः वगळलेल्या सोडून सगळ्या साइटसाठी. जड साइट हळू होतात, साध्या वाचनाच्या साइटवर फरक जाणवतही नाही. बाकीच्यांनी एवढं करायची गरज नाही असं माझं मत आहे, असे हल्ले महाग असतात आणि जपून वापरले जातात.

आणि टॅब जातील म्हणून रिलाँच टाळत असाल तर क्रोमच्या रिलाँच बटणाने उघडे टॅब परत येतात, इन्कॉग्निटोतले तेवढे येत नाहीत, त्यातलं काम आधी उरकून घ्या.